पेलिंगची खुर्ची

वेत वळवण्यात क्लेतोचा हात धरणारा फिलिपिन्समधल्या अख्ख्या मांदावे गावात कोणी नव्हता, आणि हे दुसऱ्या कोणी म्हणायच्या आधी क्लेतो स्वतःच म्हणून मोकळा होई. त्याचं पुरतं नाव अनाक्लेतो सुइको. मॅडम ओफेलियांच्या फर्निचरच्या कारखान्यात तो मिसरूड फुटायच्या वयात लागला आणि तिथेच त्याचे केस पिकायला लागले. वाफेच्या पेटीतून काढलेला मनगटाएवढा वेत तो गुडघ्याशी धरून असा काही वळवी, की बघणाऱ्याला वाटावं, हा वेत रानात असाच गोल उगवला असणार. कारखान्यात पाहुणे आले की मॅडम त्यांना हटकून त्याच्यापाशी आणायच्या आणि म्हणायच्या, "हा आमचा क्लेतो." त्या तीन शब्दांवर तो आठवडाभर खूश असे.

बायकोला कारखान्यात त्यानेच आणलं होतं. विणकामाला एक बाई कमी पडत होती, तेव्हा तो मॅडमना म्हणाला होता, "माझी पेलिंग जरा विणते." तो 'जरा' त्याने मुद्दाम घातला होता. पेलाग्या, म्हणजे पेलिंग, आली आणि बायकांच्या रांगेत खाली मान घालून खुर्च्यांच्या बैठका विणू लागली. नवरा शेडच्या या टोकाला सांगाडे करी, बायको त्या टोकाला ते भरी. दुपारी दोघं एकाच डब्यात जेवत. बरं चाललं होतं.

मग त्या स्टुलाची भानगड झाली.

पेलिंगने ते उरल्यासुरल्या मालातून केलं होतं. कोणीतरी टाकून दिलेला एक बुटका सांगाडा, थोडा अबाकाचा, म्हणजे रानकेळीच्या धाग्याचा, दोर आणि ताडाच्या पात्यांच्या पट्ट्या. जेवणाच्या सुट्टीत बसून तिने आईसाठी म्हणून ते विणलं आणि घरी न्यायचं राहून गेलं. सोमवारी मॅडम ओफेलियांनी ते उचलून आणलं, जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "हे कोणाचं?"

पेलिंगला वाटलं, माल वापरला म्हणून बोलणी बसणार. ती हळूच उठून उभी राहिली. मॅडमनी स्टुलाभोवती एक चक्कर मारली, विणीवरून हात फिरवला आणि टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या शेडने वाजवल्या. क्लेतोनेही वाजवल्या, पण हातात ओला वेत होता, त्यामुळे आवाज झाला नाही.

त्याच आठवड्यात परदेशातल्या एका दुकानाचा माणूस आला. मॅडमनी त्याला थेट विणकामाच्या टोकाला नेलं. बराच वेळ तिथे बोलणं चाललं, हसणं चाललं. परत जाताना ती मंडळी क्लेतोजवळून गेली, तेव्हा मॅडम त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि हा पेलिंगचा नवरा."

क्लेतो हसला. पण ते वाक्य काटा रुतावा तसं रुतलं, आणि नंतर काही केल्या निघेना.

त्या संध्याकाळी घरी पेलिंग सुकी मासळी तळत होती. क्लेतो दारात बसून म्हणाला, "तुझं ते स्टूल पुसोसारखं दिसतं." पुसो म्हणजे माडाच्या कोवळ्या पात्यांची विणलेली मुठीएवढी थैली, तिच्यात तांदूळ भरून उकडतात आणि भाजलेल्या मांसाबरोबर खातात.

"पुसोच आहे ते," पेलिंग म्हणाली. "आई आयुष्यभर बाजारात बसून तेच विणत होती. माझ्या बोटांना दुसरं येतंय काय?"

"मग गिऱ्हाईक त्यावर बसणार, का सोलून खाणार?"

"आधी बसेल. भूक लागली तर खाईल."

तिला हसू आलं होतं. त्याला आलं नाही. तिने मासळी ताटात घेतली आणि त्याच्याजवळ येऊन बसली. लाडात आली की ती त्याला दोंग म्हणे, तो तिला दाय. "ऐक ना, दोंग. मॅडमना आता मोठी खुर्ची हवी आहे. पाठ असलेली, हात असलेली. मनिलाच्या प्रदर्शनाला पाठवणार म्हणतात. सांगाडा तू कर."

या वाक्याची तर तो चार दिवस वाट बघत होता. त्याने घास सावकाश चावला. "मला कुठे वेळ आहे? माझ्यापुढे जेवणाच्या खुर्च्यांचा ढीग पडलाय. आणि तुझ्यासारख्या मोठ्या कारागिरणीला काय, कोणीही करून देईल."

त्याचा हिशेब सरळ होता. ती आज विचारेल, उद्या विचारेल, रविवारी प्रार्थनेहून येताना काकुळतीला येईल, मग आपण मोठ्या मनाने हो म्हणायचं. पण पेलिंगने त्याच्याकडे क्षणभर बघितलं, "बरं" म्हणाली आणि जेवायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेस्तितुतो शीळ घालत विणकामाच्या टोकाला वेताची मोळी घेऊन निघाला, ते क्लेतोने बघितलं.

रेस्तितुतोला सगळे तुतिंग म्हणत. सांगाड्यांच्या कामात कारखान्यातला दुसरा हात त्याचा. बायको वारून बरीच वर्षं झाली होती, केस अजून तेल लावून मागे बसवलेले, आणि गावच्या प्रत्येक सणाला माइक त्याच्याच हातात. तरुणपणी तो पेलिंगच्या खिडकीखाली गिटार घेऊन उभा राहिला होता आणि पेलिंगच्या आईने वरून बादलीभर पाणी ओतलं होतं. ही गोष्ट क्लेतो माडी प्यायला बसला की रंगवून रंगवून सांगे. आता तीच गोष्ट त्याला वेगळीच आठवायला लागली. पाणी आईने ओतलं होतं. पेलिंगने थोडंच ओतलं होतं?

कारखान्याच्या फाटकाशी त्याची थोरली बहीण सोलेदाद भाजलेली केळी विकायची. तिच्या नजरेतून काही सुटत नसे आणि तोंडात काही राहत नसे.

"तुझी बायको आज लवकर आली," ती क्लेतोला म्हणाली. "तुतिंगही लवकर आला."

"कामं असतात, मानांग."

"असतात ना. मी कुठे काय म्हणतेय? फक्त हसण्याचा आवाज इथपर्यंत आला. तुझ्या घरात ती एवढी हसल्याचं मी तरी ऐकलं नाही. केळं घे. करपलेलं देते, तुझ्या चेहऱ्याला शोभेल."

तिने सहज काडी टाकली, इकडे गवत वाळलेलंच होतं. त्या दिवसापासून क्लेतोच्या शेडच्या त्या टोकाला फेऱ्या सुरू झाल्या. कधी त्याची पकड हरवे, कधी सुतळी संपे. एकदा तर लख्ख उन्हात तो पेलिंगची छत्री घेऊन गेला. प्रत्येक वेळी तेच दिसे: जमिनीवर खडूने काढलेली आकृती, तिच्यावर दोघांची वाकलेली डोकी, आणि पेलिंग हाताने हवेत गोल काढून काहीतरी सांगतेय. तिचा चेहरा असा उजळलेला त्याने कधी बघितला होता ते त्याला आठवेना. ती तुतिंगकडे बघून हसत नव्हती, हे त्यालाही दिसत होतं. ती त्या खुर्चीकडे बघून हसत होती. पण त्याने जळणं कमी झालं नाही, उलट वाढलं. तुतिंगला दोन ठोसे लगावता आले असते. खुर्चीचं काय करायचं?

सांगाडा उभा राहिला तेव्हा तुतिंगच त्याला बोलवायला आला. दोघं एकमेकांना दोस्तीने पारे म्हणत. "पारे, एकदा नजर टाक ना. तुझ्यासारखा हात नाही माझा. पेलिंगला कमरेपाशी फार गोल हवा होता, माझा घाम निघाला."

क्लेतो गेला. पेलिंग दोर भिजवायला मागे गेली होती. तो उकिडवा बसला आणि एकेका सांध्यावरून बोटं फिरवू लागला. मनातून त्याला सांगाडा वाईट निघायला हवा होता, आणि तो चांगला होता. थोडा जड, पण चांगला. मग त्याचा अंगठा मागच्या डाव्या पायावर आला. तिथे वेताला सर्वांत जास्त वळण होतं. वाफ पुरती न देता बत्तीची आच लावून घाईने वळवलेला होता. वरून काळपटपणा घासून काढला होता, आणि सालीची पट्टी गुंडाळायची तेवढी बाकी होती. त्याने अंगठा दाबला. आतून अगदी बारीक, वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला.

आत तंतू तडकले होते. रिकामी खुर्ची वर्षभर उभी राहिली असती. माणूस टेकून बसला की पाय गेला असता.

"कसा आहे?" तुतिंगने विचारलं.

क्लेतो उठला, गुडघे झटकले. "झकास झालाय, पारे."

"खरंच?"

"मी खोटं कशाला बोलू?"

तुतिंगचा चेहरा फुलला. त्याने क्लेतोच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच दुपारी तो तडा पट्टीखाली गुंडाळला गेला.

पुढचे दिवस क्लेतोचे मोठे सुखाचे गेले. त्याची भूक परत आली. फाटकाशी सोलेदाद टोमणे मारी तेव्हा तो नुसता हसे. घरी त्याने आपण होऊन भात लावला, अंगण झाडलं, पेलिंगच्या बोटांना लावायला खोबरेल तेल कोमट करून दिलं. विणून विणून तिची बोटं सोलवटली होती.

पेलिंग त्याच्याकडे संशयाने बघत राहिली. "झुंजीत कोंबडा जिंकला का तुझा?"

"बायकोचं काही करायचं तर कोंबडा जिंकायला लागतो काय?"

"आजवर तर लागत होता," ती म्हणाली, पण हात त्याच्या पुढ्यात केला. तो तेल चोळत राहिला आणि मनात मनिलाचा तो भलाथोरला हॉल बघत राहिला. सुटाबुटातला एक जाडजूड माणूस खुर्चीत बसतोय, पाय कडकन मोडतोय, सगळे धावतायत, आणि मॅडम ओफेलिया म्हणतायत, सांगाडा क्लेतोला द्यायला हवा होता. हॉल त्याने कधी बघितला नव्हता; म्हणून तो चर्चसारखा दिसे.

एका दुपारी, सगळे जेवून आडवे झाले असताना, तो एकटाच खुर्चीपाशी गेला. वीण जवळजवळ पुरी झाली होती. त्याला वाटलं होतं, स्टुलाचंच मोठं भावंड असेल. तसं नव्हतं. पाठीच्या वरच्या टोकाला पट्ट्या दाट होत्या आणि खाली येता येता अशा सुटत गेल्या होत्या, की बसणाऱ्याच्या कमरेला त्या आपणहून जागा करून देतील. कुठे सुरुवात झाली आणि कुठे शेवट, गाठ कुठे मारली, काही कळत नव्हतं. त्याने खाली वाकून उलट्या बाजूने बघितलं. उलटी बाजूही तितकीच साफ होती.

क्लेतो जमिनीवर बसला. उभा जन्म त्याने वेतात घालवला होता. खरं काय आणि नशिबाने लागलेलं काय, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. हे खरं होतं. आपल्याला हे सुचलं नसतं, कोणी शिकवलं असतं तरी जमलं नसतं. इतके दिवस तो बायकोच्या नशिबावर जळत होता. आता तिच्या हातांवर जळायला लागला, आणि हे जळणं जास्त वाईट होतं. तडा त्याच्या हातभर अंतरावर होता. आताही सांगता आलं असतं. तो उठला आणि आपल्या जागेवर जाऊन झोपल्याचं सोंग घेऊन पडला.

शुक्रवारी खुर्ची तयार झाली. शनिवारी सकाळी ट्रक बंदराकडे निघायचा होता. मॅडम ओफेलियांनी सगळ्यांना काम थांबवायला सांगितलं, नूडल्सची मोठी परात मागवली, आणि पेलिंग आईला भाड्याच्या जीपनीत घालून घेऊन आली. आईला सगळे नानाय म्हणत; म्हातारीला आता कमी दिसे, कमी ऐकू येई, पण तिने ठेवणीतला फुलाफुलांचा पोशाख घातला होता.

"कोण बसणार पहिलं?" मॅडमनी विचारलं.

"माझा नवरा," पेलिंग म्हणाली. तिने सगळ्यांसमोर क्लेतोचा हात धरून त्याला पुढे ओढलं. "यानेच मला इथे आणलं. दोंग, तू बस आधी."

शेडमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. तो खुर्चीकडे गेला आणि बसला. म्हणजे बसल्यासारखं केलं. सगळा भार त्याने मांड्यांवर आणि टाचांवर धरला, पाठ विणीला नुसती टेकवली. पोटऱ्या थरथरायला लागल्या.

"असा काय बसतोस, संडासात बसल्यासारखा," फाटकातून आत आलेली सोलेदाद म्हणाली, आणि सगळे खो खो हसले.

"टेकून बस की नीट," पेलिंग म्हणाली.

"बसलो की. मस्त आहे." तो झटकन उठला. "छान झालीय, दाय. फार छान."

पेलिंगचे डोळे भरून आले. त्याच्या तोंडून हे तिने कधी ऐकलं नव्हतं. तिने वळून आईच्या काखेत हात घातला. "आता नानाय बसेल. हिचीच वीण आहे ही."

म्हातारी हळूहळू पुढे आली. खुर्चीकडे पाठ करून तिने मागे हात चाचपला, तिची बोटं विणीवर पडली, ओळखीचं काही सापडल्यासारखं ती हसली, आणि बसायला म्हणून गुडघे वाकवले.

"नानाय, थांबा," क्लेतो म्हणाला.

त्याचा आवाज इतका चिरका आला की नूडल्स वाढणारी बाईसुद्धा थांबली. त्याने पुढे होऊन म्हातारीला दंडाला धरून उभं केलं. "मागचा डावा पाय तडकलाय. आतून."

तुतिंग खाली बसला, त्याने पट्टी उलगडली, अंगठा दाबला आणि तो आवाज ऐकला. त्याची मान वर येईना.

पेलिंगने नवऱ्याकडे बघितलं. "तू तर आता बसलास फक्त. तुला कधी कळलं?"

तुतिंगच खालच्या आवाजात म्हणाला, "मी तुला विचारलं होतं, पारे. पट्टी बांधायच्या आधी."

पेलिंगला सगळं समजायला तेवढं पुरलं. भात लावणारा, तेल चोळणारा नवराही समजला. तिने आवाज चढवला नाही. मॅडमना म्हणाली, "संध्याकाळपर्यंत वेळ द्या." मग क्लेतोला म्हणाली, "पाय तू काढ. नवा तूच बसव. माझी वीण तुटता कामा नये."

सगळे पांगले. क्लेतोने वेत निवडला, एक सोडून दुसरा, तिसरा, मग पेटीत ठेवून वाफ पुरती मुरेपर्यंत तिथेच उभा राहिला. पेलिंग खुर्चीपाशी बसून पायाजवळची वीण बोटांनी सैल करून धरत होती. तुतिंग न बोलता साल भिजवत होता. ओली साल बांधली की वाळताना आवळते. नानाय कडेला बसून नूडल्स खात होती आणि मधूनमधून विचारत होती, "झालं का गं? बसू का?"

जुना पाय सुटला तेव्हा पेलिंग म्हणाली, "मी तुझ्याकडेच आले होते आधी."

"मी नाही म्हणालो."

"नाही म्हणालास ते चालतं. त्याचं मला काही नाही." तिने बोटांत धरलेली वीण घट्ट केली. "माझी आई बसणार होती, क्लेतो."

तिने दोंग म्हटलं नाही. त्याने मान डोलावली आणि नवा पाय खोबणीत सरकवला. तो त्याच्या आयुष्यातला सर्वांत चांगला वळलेला वेत होता, आणि तो विणीखाली गेला, पट्टीखाली गेला, कोणाला दिसणार नव्हता.

दिवे लागायच्या वेळी नानाय खुर्चीत बसली. बराच वेळ बसली. मग म्हणाली, "पाठीला बरं वाटतं," आणि तिथेच डुलकी घेऊ लागली.

पेलिंग मॅडमबरोबर मनिलाला गेली. विमानात पहिल्यांदाच बसली. क्लेतो घरी एकटा राहिला आणि सगळा वेळ जळत राहिला; कधी तिच्यावर, कधी विमानावर. सोलेदादने मुद्दाम घरी येऊन वर्तमानपत्र दाखवलं. खुर्चीचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, रचना आणि वीण पेलाग्या सुइको, सांगाडा रेस्तितुतो. "तुझं नाव कुठेय रे?" तिने विचारलं.

"आडनावात आहे," क्लेतो म्हणाला. सोलेदादने वर्तमानपत्राची घडी केली आणि आली तशी निघाली.

पुढे खुर्च्यांची मागणी आली. मॅडमनी पेलिंगला शेडचा एक कोपरा आणि हाताखाली चार बायका दिल्या. सांगाडे कोणी करायचे ते तिने ठरवायचं होतं. ती क्लेतोच्या ओट्यापाशी आली आणि परक्यासारखं म्हणाली, "तुझा हात चांगला आहे, म्हणून विचारते. निम्मे तू, निम्मे तुतिंग. करशील?" तो हो म्हणाला. तुतिंगने त्याच्याशी बोलणं सोडलं नाही, फक्त पारे म्हणणं सोडलं.

घरी मात्र पेलिंग खुर्च्यांबद्दल अवाक्षर काढेना. तांदूळ, पाऊसपाणी, नानायचं गुडघेदुखणं, सगळं बोले, कामाचं नाही. अंगणात बसून कसलेकसले नमुने विणून बघे आणि तो जवळ आला की मांडीखाली सारे. महिने गेले. मार खाऊन माणूस विसरतो, पण हे क्लेतोला रोज नव्याने लागे.

एका रविवारी तो तिच्यासमोर जाऊन बसला. "दाय, मला जळायला होतं. अजून होतं. तुझ्या हातात काहीतरी नवीन दिसलं की पोटात दुखायला लागतं. जात नाही ते."

पेलिंग पट्टी दातात धरून गाठ आवळत होती. तिने गाठ पुरी केली. "मला काय माहीत नाही? सगळ्या शेडला माहीत आहे. तू उन्हात छत्री घेऊन आलास तेव्हा बायका दोन दिवस हसत होत्या." मग तिने त्याच्याकडे बघितलं. "जळ ना. कोण नको म्हणतंय? पण तोंडाने जळत जा. गप्प राहून जळू नकोस."

"बरं."

ती आणखी थोडा वेळ विणत राहिली. मग मांडीखालचा नमुना काढून तिने त्याच्यापुढे जमिनीवर ठेवला. पाळण्यासारखं काहीतरी होतं, अर्धवट विणलेलं. "याला पाय कसे द्यायचे ते समजत नाहीये."

क्लेतोने तो हातात घेऊन फिरवला. फार सुंदर होता. पोटात जिथे दुखायचं तिथेच दुखलं.

"हे मला का सुचत नाही?" तो म्हणाला.

"ते झालं. आता पायांचं बोल."